हळदीकुंकवापासून सुरुवात करा: समाजशास्त्र-तत्त्वज्ञानात नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.कॉम. झाल्यावर सात वर्षं मी एका पतसंस्थेत कर्जखाती सांभाळली. मग बाहेरून एम.ए.ला नाव घातलं. विषय समाजशास्त्र, आणि हौसेने घेतलेला तत्त्वज्ञानाचा एक पेपर. पहिल्या दोन महिन्यांत दोनशे पानी वही व्याख्यांनी भरून टाकली, लाल पेनाने अधोरेखित वगैरे. पहिला स्वाध्याय परत आला तेव्हा मॅडमनी समासात एवढंच लिहिलं होतं, ‘व्याख्या बरोबर. पण यातून दिसलं काय?’

तेव्हा राग आला होता. आता आमच्या अभ्यासिकेत एम.ए.ची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं तसलीच वही घेऊन येतात आणि मीही त्यांना तेच विचारते. मी हा अभ्यास उलट्या टोकाकडून केला, त्यात दीड-दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हा क्रम लिहिते आहे.

१. जवळ काय हवं

फार काही नाही.

- एक वही. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘प्रश्न’, उजवीकडे ‘दिसलं काय’. व्याख्येसाठी वेगळा रकाना नको.
- मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला हे काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली आला. आज तो ऑनलाइन फुकट वाचता येतो. एखादी संकल्पना पहिल्यांदा भेटली की गाइडच्या आधी इथे जा.
- दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश आणि स. मा. गर्गे यांचा भारतीय समाजविज्ञान कोश. विकत घ्यायची गरज नाही, जिल्हा ग्रंथालयात किंवा जुन्या कॉलेजात चौकशी करा. कपाटाची किल्ली शोधायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.
- हुज्जत घालणारा एक माणूस. मैत्रीण, भाऊ, कोणीही चालेल. ‘हो हो, बरोबर’ म्हणणारा मात्र नको.

गाइड वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरली. पण ती शेवटच्या पंधरवड्यात.

२. आधी एक प्रसंग निवडा, संकल्पना नंतर

तुम्ही स्वतः दहा-वीस वेळा पाहिलेला प्रसंग घ्या. रेशन दुकानापुढची रांग, गावची जत्रा, एस.टी. स्टँडवरची चहाची टपरी, लग्न जमवायची बैठक. ‘भारतीय समाज’ हा प्रसंग नव्हे. ‘आजची तरुण पिढी’ हाही नव्हे. ज्याला जागा आहे, वेळ आहे आणि ज्यात माणसं काहीतरी करताहेत असा हवा.

मी घेतला तो आमच्या घरचा संक्रांतीचा हळदीकुंकू. दुपारी चारपासून बायका यायच्या. आई बैठकीत हळदकुंकू लावायची, हातावर तिळगूळ ठेवायची, वाण द्यायची. एका वर्षी स्टीलच्या वाट्या होत्या, एका वर्षी प्लास्टिकचे डबे. आत स्वयंपाकघरात आत्या असायची. वाणाच्या वस्तू आदल्या रात्री तीच पुसून ठेवायची, तिळगुळाच्या पुड्या तीच बांधायची, मसाला दूध तिच्याच हातचं. कपांचा ट्रे घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची. तिथे ट्रे आईच्या हातात जायचा आणि आत्या मागे वळायची. तिला कोणी ‘बाहेर येऊ नकोस’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आत्याचे यजमान जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

एवढं लिहून ठेवा. मत लिहू नका, फक्त पाहिलेलं. ‘अन्याय’, ‘परंपरा’, ‘मागासलेपणा’ हे शब्द या पानावर आले तर खोडा.

३. ओळखीच्या शब्दांपासून सावध

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, आणि अडकलोय हे त्यांना कळतही नाही. शब्द अवघड असला तर आपण कोश तरी उघडतो. ओळखीचा असला तर वाटतं, हे तर येतं आपल्याला.

‘समाज’ घ्या. आपण बोलताना म्हणतो, ‘आमच्या समाजाचं कार्यालय’, ‘मुलगी समाजातलीच आहे’. तिथे समाज म्हणजे जात. पुस्तकातला समाज त्याहून कितीतरी मोठा, माणसांमधल्या संबंधांचा अख्खा गोफ. उत्तरपत्रिकेत पहिल्या ओळीत एक अर्थ आणि चौथ्या ओळीत दुसरा, असं मी स्वतः केलंय.

‘संस्था’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पतसंस्थाच यायची, फार तर शिक्षण संस्था. नोंदणी क्रमांक, अध्यक्ष, सचिव. समाजशास्त्रात विवाह ही संस्था आहे, कुटुंब ही संस्था आहे. तिथे अध्यक्षाला कोणी शोधत नाही (घरोघरी असतो, ते वेगळं). माणसांनी कसं वागायचं हे पिढ्यान्‌पिढ्या बसवून दिलेली घडी, असा तो अर्थ.

‘कार्य’ म्हणजे आपल्याकडे लग्नकार्य. इथे मात्र एखाद्या प्रथेमुळे जे साधलं जातं, ते तिचं कार्य. ‘वर्ग’ म्हणजे शाळेतला नव्हे, आणि ‘वर्ण’ किंवा ‘जात’ही नव्हे, तर आर्थिक स्थितीवरून पडलेला थर. या तिन्हींची सरमिसळ केली की परीक्षक पुढचं वाचतच नाहीत. ‘मूल्य’ म्हणजे किंमत नव्हे, तर चांगलं काय, योग्य काय याची धारणा. आणि ‘सत्ताशास्त्र’ हे नाव पाहून मी दोन दिवस ते राज्यशास्त्राचं प्रकरण समजत होते. तिथे ‘सत्ता’ म्हणजे असणं, अस्तित्व. काय आहे आणि ‘आहे’ म्हणजे काय, याचा तो विचार.

महाराष्ट्रात राहून तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे, तो म्हणजे ‘बुद्धिवाद’. आपल्याकडे बुद्धिप्रामाण्यवादी म्हटलं की आगरकर आठवतात, अंधश्रद्धेविरुद्धची चळवळ आठवते. युरोपच्या तत्त्वज्ञानात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा बुद्धिवाद वेगळा. खात्रीचं ज्ञान मुळात बुद्धीतून मिळतं, इंद्रियानुभवातून नव्हे, अशी ती भूमिका. तिच्या समोर उभा असतो अनुभववाद, म्हणजे ज्ञान मुळात इंद्रियानुभवातूनच येतं ही भूमिका. आपल्याकडचा बुद्धिप्रामाण्यवादी तर अनुभव, प्रयोग, विज्ञान यांच्या बाजूने बोलतो, म्हणजे त्या वादात तो बहुतेक वेळा अनुभववाद्यांच्या बाकावर बसेल. हे कळलं नाही तर अख्खा पेपर उलटा लिहिला जातो.

याच्या उलटही घडतं. एकाच संकल्पनेला दोन पुस्तकांत दोन मराठी शब्द असतात. इटलीचा मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी याची हेजिमनी, म्हणजे लोकांच्या संमतीने टिकणारी सत्ता, एकीकडे ‘धुरीणत्व’, दुसरीकडे नुसतं ‘वर्चस्व’. वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्यांची यादी ठेवा.

४. संकल्पना कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते शोधा

संकल्पना आकाशातून पडत नाही. कोणीतरी कशाशी तरी झगडत होतं, तेव्हा ती घडवावी लागली. तो झगडा सापडला की व्याख्या आपोआप लक्षात राहते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेमचं उदाहरण घ्या. आत्महत्या ही एका माणसाची, त्याच्या मनातली, अगदी खाजगी गोष्ट. तरी युरोपातल्या देशांचे आकडे पाहिले तर प्रत्येक देशाचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच राहतं. कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांमध्ये जास्त, विवाहितांपेक्षा अविवाहितांमध्ये जास्त, युद्धाच्या काळात कमी. सगळं जर ज्याच्या त्याच्या मनातलं, तर आकडा असा ठराविक कसा? १८९७ च्या आपल्या ग्रंथात तो हा प्रश्न लावून धरतो. उत्तर: माणसाच्या बाहेर असणाऱ्या आणि त्याच्यावर दाब टाकणाऱ्या काही गोष्टी असतात, त्याही दगडाइतक्याच खऱ्या धरून अभ्यासायच्या. त्यांना तो सामाजिक तथ्य म्हणतो.

आता आमच्या घरचा उंबरा आठवा. आत्याला कोणी अडवलं नव्हतं. कायदा तर केव्हाच तिच्या बाजूने होता, विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा. तरी ट्रे उंबऱ्याशी थांबायचा. तो दाब म्हणजे सामाजिक तथ्य. हे मी वहीत लिहिलं त्या दिवशी मॅडमचा शेरा पहिल्यांदा कळला.

पण याने ‘दाब आहे’ एवढंच कळलं. हाच दाब का, विधवेवरच का, हे राहिलंच. तिथे मला उपयोगी पडलं डॉ. आंबेडकरांचं उत्तर. मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, पंचविसाव्या वर्षी त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. त्यांचा प्रश्न साधा होता: जात बंद कशी राहते? जातीतच लग्न करायचं, म्हणजे अंतर्विवाह, हे तिचं मर्म. पण तेवढा नियम करून भागत नाही. जात बंद ठेवायची तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या आतल्या आत जुळलेली हवी. नवरा आधी मेला की एक बाई ‘जादा’ उरते. तिने जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं, आत केलं तर दुसऱ्या मुलीच्या वाटचा नवरा जातो. मग तिचं काय करायचं? सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. आणि बायको मेलेला पुरुष ‘जादा’ उरला तर त्याला जाळणं किंवा संन्यासी करणं जातीला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या प्रथा एका हिशोबात बसतात.

सात वर्षं मी जमा-खर्च जुळवला होता. हे वाचताना ताळेबंद वाचल्यासारखं वाटलं, आणि अंगावर काटा आला.

वहीत करायचं ते असं: डावीकडे ‘जात बंद कशी राहते?’ हा प्रश्न. उजवीकडे ‘आत्याच्या कपाळावर कुंकू नसणं हा तिचा एकटीचा शोक नव्हता’. अंतर्विवाहाची व्याख्या मला त्यानंतर कधी पाठ करावी लागली नाही.

५. त्याच प्रसंगावर आणखी दोन-तीन संकल्पना टाकून पाहा

प्रसंग बदलू नका. एकच प्रसंग वेगवेगळ्या चष्म्यांतून पाहिला की चष्म्यांमधला फरक कळतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने प्रथेची व्यक्त कार्यं (उघड, हेतू म्हणून सांगितलेली) आणि अव्यक्त कार्यं (न सांगता, नकळत साधली जाणारी) वेगळी केली. हळदीकुंकवाचं व्यक्त कार्य सौभाग्याची कामना. अव्यक्त? कोणाच्या मुलीचं बघायचं चाललंय, भिशीचा नंबर कोणाचा, कोणाच्या घरी नवा सोफा आला, हे सगळं. आणि निवडणूक जवळ आली की मंडप टाकून हजारभर बायकांना वाण वाटलं जातं, ते कार्य तर अव्यक्तही राहिलेलं नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर विचारतो, लोक हुकूम मानतात तो कशाच्या जोरावर? परंपरेच्या, एखाद्या व्यक्तीच्या दिपवणाऱ्या प्रभावाच्या, की लिखित नियमांच्या? ‘आपल्यात असंच असतं’ हे वाक्य पहिल्या प्रकारचं. त्याला सही-शिक्का लागत नाही.

लिंगभाव (बाई-पुरुषाने कसं असावं हे समाजाने ठरवलेलं) आणि पितृसत्ता (पुरुषांच्या हाती सत्ता असलेली व्यवस्था) इथे दिसतातच, त्यावर पानं भरू नका. एवढंच विचारा की एखाद्या विधुराला कुठल्या उंबऱ्याशी थांबावं लागतं.

६. ‘आहे’ आणि ‘असावं’ यांच्यात भिंत घाला

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० च्या सुमारास एक खोच दाखवली: लेखक ‘आहे’, ‘असतं’ असं लिहीत येतात आणि मध्येच, न सांगता, ‘असावं’ वर उडी मारतात. नुसत्या वस्तुस्थितीतून कर्तव्य निघत नाही, मध्ये एखादं मूल्य मानावं लागतं. ‘पूर्वापार चालत आलंय’ यातून ‘चालू ठेवावं’ निघत नाही. तसंच, पुरोगाम्यांनाही हे लागू आहे, ‘हे जातीने घडवलंय’ एवढ्यातून ‘हे मोडावं’ आपोआप निघत नाही. ते स्वतंत्रपणे सिद्ध करावं लागतं, आणि नीतिशास्त्र तिथे सुरू होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाने ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून राज्य सरकारने परिपत्रक काढलं. अशा ठरावाचं समर्थन कसं करायचं? तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

बेंथॅम-मिल या इंग्रज विचारवंतांचा उपयुक्ततावाद म्हणेल, एकूण सुख-दुःखाची बेरीज करा. सावध राहा: गावातल्या चारशे सवाष्णींना प्रथा मोडल्याचं वाईट वाटलं आणि विधवा चाळीसच असल्या तर? बेरीज तुमच्या मनासारखी येईलच असं नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणेल, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, इतरांच्या ‘शुभा’साठी एका बाईला आत बसवणं म्हणजे तेच. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स १९७१ च्या आपल्या ग्रंथात ‘अज्ञानाचा पडदा’ सुचवतो: नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण असू हे ठाऊक नाही असं धरा. बैठकीत बसणारी की उंबऱ्याशी थांबणारी, हे माहीत नसताना तुम्ही कोणता नियम मान्य कराल?

मला तिसरी वाट पटते. तुम्हाला पहिली पटत असेल, हरकत नाही, पण उत्तरात दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

७. युक्तिवाद उलगडायला न्यायदर्शन वापरा

तर्कशास्त्र म्हटलं की मुलांना चिन्हं आणि तक्ते आठवतात. त्याआधी घरचं घ्या. न्याय या भारतीय दर्शनाच्या अभ्यासकांचं, म्हणजे नैयायिकांचं, अनुमान पाच पायऱ्यांचं: डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर दिसतो (हेतू), जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत (उदाहरण), या डोंगरावर तसाच धूर आहे (उपनय), म्हणून तिथे आग आहे (निगमन). सगळा भार मधल्या ‘जिथे धूर तिथे आग’ वर. या कायमच्या जोडीला म्हणायचं व्याप्ती.

आता आमच्या शेजारच्या काकूंचं वाक्य: ‘कार्यात ती पुढे आली की काही ना काही होतं.’ व्याप्ती काय झाली? जिथे विधवा पुढे, तिथे अशुभ. एक तरी उलट उदाहरण शोधा, व्याप्ती कोसळते. नैयायिक आणखी एक बारकावा देतात, उपाधी. ‘जिथे आग तिथे धूर’ हे खरं नाही, लाकूड ओलं असेल तरच धूर होतो. ओलं लाकूड ही लपलेली अट. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणण्याआधी ओलं लाकूड कुठे आहे ते बघा. वर्तमानपत्रातले निम्मे ‘अभ्यासाअंती सिद्ध झाले’ इथेच गळतात.

प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, नैयायिकांची चारच लक्षात ठेवा: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं), शब्द. चार्वाक हे जडवादी दर्शन त्यातलं फक्त प्रत्यक्ष मानतं. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं, विश्वासार्ह जाणकाराचं वचन. फॅमिली ग्रुपवर सकाळी येणाऱ्या मेसेजचा आप्त कोण, हा प्रश्न तुमच्या त्या हुज्जत घालणाऱ्या माणसाला विचारा.

८. संकल्पना कुठे अडते ते लिहाच

ही पायरी बहुतेक जण गाळतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी कर्नाटकातल्या कूर्गवरच्या १९५२ च्या ग्रंथात संस्कृतीकरण मांडलं: खालची मानलेली जात वरच्या जातीचे आचार उचलते आणि वर सरकायला बघते. आपल्याकडे अनेक जातींत विधवेचा पाट (पुनर्विवाह) लागत असे, तो ‘कमीपणाचा’ वाटू लागून काहींनी सोडला. इथे संकल्पना चपखल बसते. आता तीच १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेला, आंबेडकरांसह लाखोंनी बौद्ध धर्म स्वीकारला त्याला, लावून बघा. बसत नाही. तिथे लोकांनी शिडी चढायचं नाकारून शिडीच सोडली होती. संकल्पनेची हद्द अशी कळते.

माझी सगळ्यात मोठी अडचण कोशात नव्हती, घरातच होती. आंबेडकरांच्या निबंधावर लिहिलेली दोन पानं मी आत्याला वाचून दाखवली. ती शेंगा फोडत बसली होती. हिशोबाचा भाग ऐकून म्हणाली, ‘असेल बाई.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘पण मला बाहेर यायचंच नसायचं. त्या सगळ्या जणी बघणार, आता कसं चाललंय विचारणार. आतच बरं होतं. दूध तरी माझ्या मनासारखं करता यायचं.’

आता हा दाब झाला, की निवड? दाबानेच निवडीचं रूप घेतलं, की मिळालेल्या चौकटीत तिने स्वतःची जागा केली? समाजशास्त्रात रचना (समाजाची चौकट) आणि कर्तेपणा (माणसाची स्वतःची निवड) असा हा जुना वाद आहे, आणि तो मला पुस्तकाआधी शेंगांच्या टरफलांत भेटला. तुमचं पानही ज्याच्याबद्दल आहे त्याला एकदा वाचून दाखवा. वहीतला उजवा रकाना बदलावा लागेल, त्याची तयारी ठेवा.

९. परीक्षेपुरतं

व्याख्या मागितलीच तर द्या, पण लिहायचा क्रम हा ठेवा: प्रश्न, मग संकल्पना, मग तुमचा प्रसंग तीन-चार ओळींत, मग ती कुठे अडते. विचारवंताचं नाव आणि साल खात्री असेल तरच घाला. चुकीचं साल डोळ्यात खुपतं, न लिहिलेलं कोणी शोधत नाही. हेगेल आणि देरिदा हे अवघड तत्त्वज्ञ पहिल्या वर्षी बाजूला ठेवले तरी चालतं. मी हेगेलपासून सुरुवात केली होती, ‘अवघड ते आधी संपवू’ म्हणून. पुस्तकातली खूण अजून सतराव्या पानावर आहे.